दुखऱ्या पायांची वाटचाल

महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात जा, बाबासाहेबांचा पुतळा उभाच असतो. अंगात कोट, हातात राज्यघटनेचे पुस्तक, पाय चौथऱ्यावर घट्ट रोवलेले. आपल्या छत्रपती संभाजीनगरातही भडकल गेटपाशी येणाजाणाऱ्याची नजर त्या उभ्या आकृतीकडे आपोआप वळते. पुतळ्याचे एक बरे असते. त्याचे पाय दुखत नाहीत, त्याला रात्री झोपेवाचून तळमळावे लागत नाही आणि पायरी चढताना त्याला कुणाच्या खांद्याचा आधार घ्यावा लागत नाही. पण ज्या माणसाचा तो पुतळा असतो, त्याच्या आयुष्यातली शेवटची नऊ-दहा वर्षे नेमकी या साऱ्यातच गेली, याची आठवण आपल्याला फारशी होत नाही.

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांची चरित्रे मराठीत भरपूर आहेत. त्यांच्या विद्वत्तेवर, लढ्यांवर, राजकारणावर आणि धर्मांतरावर लिहिणारे अधिकारी लेखक पुष्कळ झाले. मी त्यांच्यापैकी नव्हे. माझी उमेदीची वर्षे बँकेच्या खातेवह्यांत गेली आणि नंतरची कादंबऱ्यांतली पात्रे चालवण्यात. खातेवही पाहणाऱ्या माणसाला एक खोड लागते. जमेची बाजू कितीही मोठी असली, तरी त्याची नजर नावेच्या बाजूकडे जातेच. बाबासाहेबांच्या आयुष्याची जमेची बाजू साऱ्या देशाला पाठ आहे. ती जमा उभी राहत असताना त्यांच्या देहाच्या खात्यावर काय नावे पडत होते, ते पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे त्यांचा जन्म झाला. सुभेदार रामजींचे हे चौदावे अपत्य. आई भीमाबाई लहानपणीच गेल्या. शाळेत वेगळे बसणे, तहान लागली तरी स्वतःच्या हाताने पाणी घेता न येणे, हे सारे आपण शाळेच्या पुस्तकांतून वाचले आहे. १९०७ साली ते मॅट्रिक झाले, १९१२ साली बी.ए. झाले आणि १९१३ साली बडोदे सरकारची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. पुढे लंडन. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली अर्धवट सोडावा लागलेला तिथला अभ्यास पुरा करण्यासाठी ते १९२० साली पुन्हा गेले, तेव्हा खिशात बेताचेच पैसे होते. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दिवसभर वाचायचे, अर्धपोटी राहायचे आणि रात्री खोलीवर पुन्हा दिवा लावून बसायचे, असा त्यांचा क्रम होता. १९२३ साली त्यांना डी.एस्सी. मिळाली. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध त्याच वर्षी पुस्तकरूपाने निघाला. पुढे हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली. चलनाच्या धंद्यात वावरलेल्या माझ्यासारख्याला त्या पुस्तकाबद्दल विशेष जिव्हाळा वाटतो. पण पोटाला चिमटा घेऊन त्याची पाने लिहिली गेली, हेही विसरून चालत नाही.

परत आल्यावर विश्रांती कुठली? १९२७ साली २० मार्चला महाडचे चवदार तळे, त्याच वर्षीच्या डिसेंबरात मनुस्मृतीचे दहन, १९३० च्या मार्चमध्ये नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह, त्यानंतर गोलमेज परिषदांसाठी लंडनच्या वाऱ्या, १९३२ च्या सप्टेंबरात पुणे करार. घरात चार मुले लहानपणीच दगावली, एक यशवंत तेवढा जगला. २७ मे १९३५ रोजी रमाबाई गेल्या. त्यानंतर पाच महिन्यांच्या आत, १३ ऑक्टोबरला, येवल्याला त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. १९४२ ते १९४६ ही वर्षे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचा कारभार पाहण्यात गेली. या सगळ्या वर्षांत देहाने तक्रार केली असेलही, पण ती ऐकायला मालकाला सवड नव्हती.

मग १९४७ साल आले. देश स्वतंत्र झाला, बाबासाहेब कायदामंत्री झाले आणि २९ ऑगस्टला घटनेच्या मसुदा समितीची स्थापना होऊन तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. समितीत माणसे सात होती, पण कुणी राजीनामा दिला, कुणी निवर्तले, कुणी अमेरिकेत, कुणी दिल्लीपासून लांब. मसुद्याचा मुख्य भार शेवटी एकाच माणसावर पडला, हे टी. टी. कृष्णम्माचारी यांनी पुढे घटना समितीत उघडपणे सांगितले. त्या एका माणसाची प्रकृती याच सुमारास ढासळू लागली होती. मधुमेह होता, त्यासाठी इन्सुलिन चालू होते. रक्तदाब होता. पायांतल्या शिरा दुखत, त्याला डॉक्टर न्यूरायटिस म्हणत. जोडीला संधिवात होता. १९४८ च्या सुरुवातीला पायांच्या वेदनेने रात्र रात्र डोळा लागत नसे. आणि त्याच वर्षी २१ फेब्रुवारीला त्यांनी घटनेचा मसुदा घटना समितीच्या अध्यक्षांना सादर केला. त्यात ३१५ कलमे आणि ८ परिशिष्टे होती. त्यातली किती कलमे अशा जागरणाच्या रात्रींत घासूनपुसून निघाली असतील, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

इलाजासाठी ते मुंबईला डॉ. मालवणकरांकडे जात. तिथेच डॉ. शारदा कबीर काम करीत होत्या. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १९३७ साली एम.बी.बी.एस. झालेल्या. पथ्य, इंजेक्शने, झोप, जेवण या सगळ्यांकडे जाणत्या नजरेने पाहणारे कुणी घरात असल्याशिवाय हा देह पुढे चालणार नाही, हे बाबासाहेबांना कळून चुकले होते. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत त्यांचे नोंदणी पद्धतीने लग्न झाले. आदल्याच दिवशी त्यांना सत्तावन्न वर्षे पूर्ण झाली होती. शारदाबाईंच्या सविता झाल्या आणि लोकांच्या माईसाहेब.

इथे क्षणभर थांबून हा संधिवात म्हणजे काय, ते समजून घ्यायला हवे. आपल्याकडे संधिवात हा शब्द एखाद्या मोठ्या पिशवीसारखा वापरला जातो. सांधा दुखला की तो पिशवीत. म्हातारपणी गुडघे झिजतात, तो संधिवात. युरिक आम्ल साठून पायाचा अंगठा सुजतो, तोही संधिवात. शरीराची संरक्षक यंत्रणाच बिथरून स्वतःच्या सांध्यांवर उलटते, तोही संधिवातच. या शेवटच्याला इंग्रजी वैद्यकात र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. हे नाव आल्फ्रेड गॅरड या इंग्रज डॉक्टरने १८५९ साली रूढ केले. आपल्याकडचे वैद्य त्याच्याशी जुळणाऱ्या दुखण्याला आमवात म्हणतात, आणि माधवनिदान या जुन्या ग्रंथात आमवाताला वेगळे प्रकरण दिलेले आहे. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच्या दुखण्यावर आजचे नेमके लेबल चिकटवण्याचा खटाटोप मी करणार नाही. मधुमेहाने नसा बिघडतात आणि पाय दुखतात, हेही तितकेच खरे आहे. पण सांध्याच्या आत काय घडते, हे आज जितके कळले आहे तितके तेव्हा कुणालाच कळले नव्हते. म्हणून ते थोडे सांगतो.

दोन हाडे जिथे भेटतात, तिथे त्यांच्या टोकांवर गुळगुळीत, पांढरट असे आवरण असते. त्याला कूर्चा म्हणतात. जाडी इनमिन काही मिलिमीटर. पण माणूस उठतो, बसतो, जिना चढतो, तेव्हा सारा भार ती सोसते. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात आणि मज्जातंतूही नसतात. म्हणजे तिला रक्तातून थेट अन्न मिळत नाही, आणि ती झिजू लागली तरी तिला स्वतःला दुखत नाही. तिचा मोठा भाग पाणी आणि तंतूंच्या जाळ्याचा. त्या जाळ्यात लांब लांब अंतरावर एकेकटी राहणारी वस्ती असते ती कूर्चेच्या पेशींची. एकूण आकारमानात त्यांचा वाटा अगदी थोडा, शेकड्यात फार तर चार-पाच. पण जाळे विणायचे, जुने काढून नवे घालायचे, ही सगळी देखभाल त्याच करतात. त्यांचे पोषण सांध्यातल्या वंगणातून होते. आपण चालतो तेव्हा कूर्चा स्पंजासारखी दाबली जाते आणि सुटते, त्या दाबण्या-सुटण्यात अन्न आत जाते आणि मळ बाहेर येतो.

आमवातात सांध्याचे अस्तर सुजते. शरीराचे सैनिक तिथे गर्दी करतात आणि शत्रू नसताना लढाई सुरू होते. सुजलेले अस्तर वाढत वाढत कूर्चेवर चढते आणि कडेकडेने ती पोखरू लागते. या लढाईत काही रासायनिक निरोप्ये सुटतात. टीएनएफ, इंटरल्युकिन अशी त्यांची नावे. त्यांचा निरोप कूर्चेच्या पेशींपर्यंत पोचला की चमत्कारिक गोष्ट घडते. ज्या पेशींनी जाळे विणायचे, त्याच ते कुरतडणारी द्रव्ये सोडू लागतात. भोवतालचा आधार तुटला की पेशी टिकत नाही. शिवाय प्रत्येक पेशीत स्वतःला संपवण्याची एक योजना जन्मापासून लिहून ठेवलेली असते, ती या गदारोळात वेळेआधीच अमलात येते. पेशी आक्रसते, तिचे तुकडे होतात, आणि तिची जागा रिकामी राहते. मोठ्या माणसात या पेशी सहसा नव्याने वाढत नाहीत. बँकेच्या भाषेत बोलायचे तर हे असे खाते आहे, की ज्यात भरणा तरुणपणीच संपला, आता फक्त काढणे चालू. पेशी गेली की देखभाल गेली, देखभाल गेली की जाळे गेले, आणि जाळे गेले की हाडावर हाड घासते. हे सगळे दुखण्याच्या पडद्याआड मुकाट्याने चाललेले असते. रोग्याला कळते ते फक्त सकाळचे ताठरलेपण आणि सूज.

आता पुन्हा १९४८ सालाकडे येऊ, कारण या आजाराच्या इतिहासात ते वर्ष मोठे विलक्षण आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कला यल्लाप्रगडा सुब्बाराव नावाचा आंध्रातल्या भीमवरमचा शास्त्रज्ञ झोपेतच वारला. त्याच्या देखरेखीखाली प्रयोगशाळेत कर्करोगासाठी जी औषधे तयार झाली, त्यांच्यातले मेथोट्रेक्सेट पुढे आमवाताचे मुख्य औषध ठरले. पण अमेरिकी सरकारची त्यासाठीची मान्यता यायला १९८८ साल उजाडले. त्याच १९४८ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी आमवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका बाईला कॉर्टिसोन टोचले आणि ती काही दिवसांत चालू लागली. १९५० साली हेंच आणि आणखी दोघा शास्त्रज्ञांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. कॉर्टिसोनचा अवगुण असा की त्याने रक्तातली साखर वाढते. मधुमेह असलेल्या माणसासाठी ते दुधारी शस्त्रच. तेव्हा त्या काळात दिल्लीत किंवा मुंबईत डॉक्टरच्या हाती होते काय? ॲस्पिरिनसारखी वेदनाशामके, शेक, मालिश आणि विश्रांती. यातली विश्रांती सगळ्यांत स्वस्त. आणि तेवढीच बाबासाहेबांना परवडत नव्हती.

४ नोव्हेंबर १९४८ ला त्यांनी घटना समितीपुढे मसुदा मांडला. त्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात चर्चेला आल्या. एकेका दुरुस्तीला उठून उत्तर द्यायचे, पुन्हा बसायचे, पुन्हा उठायचे. धडधाकट माणसाला त्यात काही वाटणार नाही. ज्याचे पाय दुखतात, त्यालाच त्या उठण्याबसण्याचा हिशेब ठाऊक. घटनेच्या मसुद्यावरची ही चर्चा ११४ दिवस चालली. २६ नोव्हेंबर १९४९ ला घटना संमत झाली, त्या दिवशीच्या समारोपात डॉ. राजेंद्रप्रसादांनी मसुदा समितीच्या अध्यक्षांचा उल्लेख करताना, प्रकृती साथ देत नसतानाही त्यांनी हे काम केले, याची आवर्जून नोंद केली. घटना समितीच्या कामकाजात ही नोंद कायमची छापलेली आहे. नावेच्या बाजूची ही बहुधा एकमेव सरकारी नोंद असावी.

याच काळात आपल्या गावाचा संबंध येतो. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आले. मराठवाड्यातल्या मुलांना वरच्या शिक्षणासाठी तोवर बहुधा हैदराबाद गाठावे लागे, आणि गरिबाघरच्या, त्यातून दलित मुलांना तेही शक्य नसे. बाबासाहेबांनी १९४५ साली स्थापलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले होते. दुसरे कॉलेज त्यांनी काढले ते औरंगाबादला. १९५० च्या जूनमध्ये वर्ग सुरू झाले. लेण्यांच्या डोंगराच्या बाजूची माळरानाची जागा मिळाली, तिचे नागसेनवन झाले आणि कॉलेज पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. बाबासाहेब समारंभाला होते.

त्या दिवसाच्या मागचापुढचा महिना पाहिला, की मन थक्क होते. तीनच आठवड्यांपूर्वी, १० ऑगस्टला, त्यांनी पंतप्रधान नेहरूंना एक पत्र लिहिले होते. हिंदू कोड बिल लवकर चर्चेला घ्यावे, अशी त्यांची मागणी होती. कारण राजकीय नव्हते, अगदी घरगुती होते. प्रकृती काळजी करण्यासारखी झाली आहे, डॉक्टर दीर्घ उपचारासाठी मागे लागले आहेत, आणि त्यांच्या स्वाधीन होण्याआधी हे बिल मार्गी लावायचे आहे, असा त्या पत्राचा आशय. बायकांना वारसा, घटस्फोट, दत्तक यांबाबत न्याय देणारे ते बिल त्यांना सगळ्यांत जवळचे होते. ते रखडले. २७ सप्टेंबरला त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. कोनशिला आणि राजीनामा यांच्यात अंतर सव्वीस दिवसांचे. पुढे १९५५ आणि १९५६ साली ते बिल चार वेगवेगळ्या कायद्यांच्या रूपाने आले, तेव्हा ते सरकारात नव्हते.

त्यानंतरची वर्षे उताराची. १९५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत ते उत्तर मुंबईतून पडले आणि राज्यसभेवर गेले. त्याच वर्षी जूनमध्ये कोलंबिया विद्यापीठाची सन्मान्य पदवी घेण्यासाठी न्यूयॉर्कला जाऊन आले. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही हरले, आणि त्याच वर्षी जून ते ऑक्टोबर बहुतेक काळ अंथरुणावर काढावा लागला. नजरही अधू होत चालली होती. पण डिसेंबर आला तशी रंगूनची बौद्ध परिषद गाठली आणि परत येऊन २५ तारखेला देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. १९५१ साली हाती घेतलेला बुद्ध आणि त्यांचा धम्म हा ग्रंथ या साऱ्या दुखण्यांच्या मधून वाट काढत पुरा झाला. १९५६ च्या मार्चमध्ये त्यांनी त्याची प्रस्तावना लिहिली. आपल्या आयुष्याची विझू घातलेली ज्योत तेवत ठेवण्याचे श्रेय त्यांनी तीत पत्नीला आणि डॉ. मालवणकरांना दिले. १९५७ साली ग्रंथ छापून आला, तेव्हा ही प्रस्तावना त्यात नव्हती.

१४ ऑक्टोबर १९५६. नागपूरला भदंत चंद्रमणींकडून त्यांनी सपत्नीक दीक्षा घेतली आणि नंतर लाखोंच्या समुदायाला स्वतः दीक्षा दिली. त्या दिवशीची छायाचित्रे पाहिली तर काठीच्या आधाराने उभी असलेली थकलेली मूर्ती दिसते. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रदीर्घ भाषण केले, तिसऱ्या दिवशी चंद्रपूरला दीक्षेचा कार्यक्रम केला, आणि नोव्हेंबरात काठमांडूच्या बौद्ध परिषदेला गेले. ५ डिसेंबरच्या रात्री दिल्लीत अलीपूर रोडच्या घरी त्यांचे सचिव नानकचंद रत्तू यांनी नेहमीप्रमाणे त्यांचे पाय चेपून दिले. बाबासाहेबांनी ग्रंथाच्या प्रस्तावनेची पाने उशाशी मागवून घेतली. ६ डिसेंबरची सकाळ त्यांनी पाहिली नाही. वय पासष्ट.

माईसाहेबांच्या वाट्याला पुढे जे आले, तेही या नावेच्या बाजूलाच मांडले पाहिजे. नवऱ्याच्या दुखण्याची आठ वर्षे राखण केलेल्या या डॉक्टर बाईवरच लोकांनी संशय घेतला. चौकशी झाली आणि मृत्यू नैसर्गिकच होता, असे सरकारने संसदेत सांगितले. तरी कुजबुज थांबायला फार वर्षे लागली. १९९० साली त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या सहवासात हे आत्मकथन प्रसिद्ध केले. २००३ साली त्या गेल्या. जुनाट दुखण्याच्या माणसाची सेवा करणाऱ्याला घराघरांत असाच अनुभव येतो. रोगी बरा झाला तर श्रेय नशिबाचे, आणि गेला तर दोष सेवा करणाऱ्याचा.

मिलिंद हे नाव ज्या ग्रंथावरून आले, तो मिलिंदप्रश्न. ग्रीक वंशाचा राजा मिनँडर म्हणजेच मिलिंद प्रश्न विचारतो आणि भिक्खू नागसेन उत्तरे देतो. त्यात राजाने एकदा विचारले आहे, की संन्याशांना जर देह प्रिय नसतो, तर ते त्याची एवढी काळजी का घेतात? नागसेनाच्या उत्तराचे तात्पर्य असे, की लढाईत झालेली जखम कुणाला प्रिय नसते, तरी आपण तिला मलम लावतो आणि पट्टी बांधतो. देहाचेही तसेच. दुसऱ्या एका ठिकाणी नागसेन सांगतो, की ज्ञानी माणसालाही देहाची वेदना होतेच, फक्त तिच्यामागून येणारी मनाची वेदना त्याला होत नाही. आमच्या नागसेनवनाच्या संस्थापकाला हे दोन्ही प्रश्न पुस्तकाबाहेरही चांगलेच ठाऊक होते.

आणि इथेच मला वाचकांपाशी एक गोष्ट स्पष्टपणे बोलायची आहे. थोर माणसांच्या वेदनेच्या गोष्टी सांगताना आपल्याला एक वाईट सवय आहे. त्यांनी एवढे सोसले, मग तुला काय झाले, असे आपण घरातल्या दुखणाईताला ऐकवतो. बाबासाहेबांच्या आयुष्यातून असा धडा काढणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. त्यांनी वेदना कधी मिरवली नाही, आणि लपवलीही नाही. डॉक्टर गाठले, इन्सुलिन घेतले, मदत मागितली, काठी हातात धरायला ते लाजले नाहीत, देशाच्या पंतप्रधानाला प्रकृतीचे कारण कळवण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. विश्रांती टाळली, ती समोरच्या कामाचे मोल जाणून, स्वतःच्या निवडीने. ज्या बाईला ही निवडच दिली जात नाही, तिच्या सोसण्याला आपण सहनशीलतेचे नाव देऊन मोकळे होतो.

बाई म्हणालो ते सहज नव्हे. आमवात पुरुषांपेक्षा बायकांना दुपटी-तिपटीने होतो. शंभरात एखाद्या माणसाला, किंवा त्याहून थोड्या कमी प्रमाणात, तो गाठतो. त्याची सुरुवात बहुधा हातापायांच्या लहान सांध्यांपासून, आणि दोन्ही बाजूंना सारखीच होते. सकाळी बोटे ताठरतात, कणीक मळवत नाही, पोळपाटावर लाटणे फिरत नाही, नळ पिळवत नाही, आणि हे अर्धा-एक तास किंवा त्याहून जास्त टिकते. आमच्या घरात हे दुखणे पत्नीच्या बोटांतून आले. आज दर सोमवारी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर एक खूण होते, कारण सुब्बारावांच्या त्या औषधाची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर तीच गोळी जिवावर बेतते, म्हणून डॉक्टरांनी वार ठरवून दिला आहे. ठरावीक दिवसांनी रक्ताची तपासणी होते. तिची बोटे आज सरळ आहेत आणि ती मोगऱ्याचा गजरा स्वतः ओवते. पंजाबात जन्मलेले डॉ. रविंदर मैनी आणि त्यांचे सहकारी मार्क फेल्डमन यांनी १९९० च्या दशकात लंडनमध्ये, त्या टीएनएफ नावाच्या निरोप्यालाच अडवणारी औषधे आमवातावर चालतात, हे दाखवून दिले. ती महाग आहेत, पण ज्यांना साध्या गोळ्यांचा गुण येत नाही, त्यांच्यासाठी तीही वाट आता मोकळी आहे.

या सगळ्याचा गाभा एकच. कूर्चेची मेलेली पेशी कुठलेही औषध जिवंत करू शकत नाही. औषध वाचवते ते जिवंत असलेल्या पेशींना. म्हणून पहिले काही महिनेच खरे मोलाचे. बोटांच्या सांध्यांवर सूज असेल आणि सकाळचे ताठरलेपण सहा आठवडे हटले नसेल, तर तेल, लेप आणि शेजारणीचा सल्ला यांत वर्ष घालवू नये. रक्त तपासून घ्यावे, सांध्यांच्या तज्ज्ञाला दाखवावे. आणि घरातल्या पुरुषांनी तक्रारीची वाट पाहू नये, कारण आपल्याकडच्या बायका तक्रार करेपर्यंत बरेच काही संपलेले असते.

ज्या हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी आपले उपचार पुढे ढकलले, ते बिल बायकांना घरात माणूस म्हणून उभे करण्यासाठी होते. त्यांच्या दुखऱ्या पायांचे ऋण फेडायचे, तर निदान आपल्या घरातल्या बाईची दुखरी बोटे वेळेवर डॉक्टरला दाखवावीत. पुतळ्याला हार घालण्यापेक्षा हे काम कठीण नाही.